एक्सेलमधली जिल्हावार रुग्णसंख्या नकाशावर रंगांत कशी दाखवू? कोडिंग येत नाही आणि दवाखान्यांचे ठिपके भलत्याच समुद्रात पडतायत.

क्यूजीआयएस घ्या. फुकट आहे, २००२ पासून वाढत आलेलं नकाशे बनवायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे आणि तुमच्या कामाला कोडची एक ओळही लागणार नाही. नुसत्या पिना टोचायच्या असत्या तर गूगल माय मॅप्सवर भागलं असतं, पण आकड्यांनुसार जिल्हे रंगवणं हे त्याचं काम नव्हे.

जिल्ह्यांच्या सीमांची फाइल लागेल, शेपफाइल किंवा जिओजेसन. शेपफाइल असेल तर एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे या सगळ्या फाइली एकाच फोल्डरात राहू द्या. एकटी एसएचपी उचलून आणली तर जिल्ह्यांची माहिती मागेच राहते. तुमची शीट ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा, नाहीतर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतील.

आता दोन्ही जोडायचं, म्हणजे जॉइन. बहुतेकांची गाडी इथेच अडते. जोडणी नावावर करू नका. एका फाइलीत नावानंतर नुसती एक स्पेस जास्त असली तरी तो जिल्हा कोरा राहतो. जिल्ह्याच्या सांकेतिक क्रमांकावर करा. त्यातही एक मेख आहे: एक्सेल ‘०७’ मधलं शून्य गिळून टाकतं, सीमांच्या फाइलीत ते तसंच असतं, आणि जुळणी होत नाही. तो कॉलम आधीपासून टेक्स्ट ठेवा.

रंगवताना थेट रुग्णसंख्या घेऊ नका, हे मी जरा आग्रहानेच सांगेन. मोठ्या लोकसंख्येच्या जिल्ह्यात रुग्ण जास्त असणारच. म्हणजे तुम्ही रोगाचा म्हणून जो नकाशा काढाल तो प्रत्यक्षात लोकसंख्येचा निघेल. सिम्बॉलॉजीत, म्हणजे रंगरूपाच्या सेटिंगमध्ये, ‘ग्रॅज्युएटेड’ निवडा आणि व्हॅल्यूच्या चौकटीत रुग्ण भागिले लोकसंख्या गुणिले १,००,००० असं सूत्र द्या. नुसती संख्याच दाखवायची असेल तर रंगाऐवजी लहानमोठी वर्तुळं काढा, आणि त्यांचं क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात ठेवा. त्रिज्या दुप्पट केली की वर्तुळ चौपट होतं.

मग येतो वर्गवारीचा, म्हणजे कुठून कुठवरच्या आकड्यांना कोणता रंग द्यायचा याचा प्रश्न, आणि सगळी गंमत तिथे आहे. समजा सहा जिल्ह्यांचे दर २, ३, ४, ५, ६ आणि ९० आहेत आणि तीन रंग वापरायचेत. ‘इक्वल इंटरव्हल’ (आकड्यांचे समान रुंदीचे टप्पे) घेतलं तर पाच जिल्हे एकाच फिक्या रंगात जातात, मधला रंग कुणालाच मिळत नाही. ‘इक्वल काउंट’ (प्रत्येक टप्प्यात सारखेच जिल्हे) घेतलं तर प्रत्येक रंगात दोन-दोन, म्हणजे ६ आणि ९० शेजारी शेजारी एकाच गडद रंगात! आकडे तेच, बातमी मात्र वेगळी. अशा वेळी ‘नॅचरल ब्रेक्स’ (आकड्यांमध्ये मोठी फट असेल तिथे टप्पा पाडणारी पद्धत) ९० ला वेगळं काढतं. मी तिन्ही लावून बघते आणि टप्प्यांच्या सीमा शेवटी हातानेच ठरवते. रंग एकाच छटेचे, फिक्याकडून गडदकडे, इंद्रधनुष्य नको. आकडे न मिळालेले जिल्हे राखाडी ठेवा, ते शून्यात मोजले जाऊ नयेत.

प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीचं, थोडक्यात. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात आणि त्यात ६० अंश अक्षांशावरचा प्रदेश विषुववृत्ताच्या मानाने चौपट दिसतो. एखाद्या राज्यापुरता नकाशा असेल तर फार बिघडत नाही. जगाचा असेल तर ‘इक्वल अर्थ’सारखं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण राखणारं, प्रक्षेपण निवडा.

राहिले तुमचे समुद्रात पडलेले दवाखाने. ते आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात एकाच जागी गोळा झाले असतील, तर रिकाम्या रकान्यांची शून्यं झालीयत; शून्य अक्षांश, शून्य रेखांश तिथेच येतात. इकडेतिकडे विखुरले असतील तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. गूगल मॅप्सवरून कॉपी केलेल्या जोडीत आधी अक्षांश येतो, जिओजेसनमध्ये आधी रेखांश.