आधी उणीव, मग ताकद

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेची पानं मिळाली. सोबत पाच कुळांचा नकाशा, चाळीस विद्यांची यादी आणि कुठली विद्या कुठलीला भारी पडते त्याचा तक्ताही. आणि तुझा तो प्रश्न: मित्र सहाव्या पानावर कंटाळतात, पण ‘नारुतो’ ही निन्जा पोराची जपानी चित्रकथा संपून इतकी वर्षं झाली तरी आठवीतली पोरं अजून हात मागे टाकून धावतात, बोटांच्या मुद्रा करतात, हे कसं? माझं ड्रॉइंग कमी पडतंय, की मी जपानी नाही म्हणून?

दोन्ही नाही. ड्रॉइंगबद्दल तुझं कौतुक करत बसत नाही, ते तुला ठाऊक आहे. अडचण अशी की तुझ्या नायकाला कशाचीच ददात नाही. पहिल्याच पानावर कड्यावर उभा, केस उडतायत, डोळ्यांत वीज. त्याचं सगळं झालेलंच आहे की! मी पान कशाला उलटू?

आधी उणीव, मग ताकद. हे भिंतीवर लिहून ठेव.

मासाशी किशिमोतोची ही गोष्ट 1997 मध्ये पहिल्यांदा छापून आली ती एकाच अंकात संपणारी होती. तिच्यात नारुतो स्वतःच कोल्ह्याचं पोर होता. 1999 मध्ये साप्ताहिकातून मालिका सुरू झाली तेव्हा त्याने एक बदल केला. पोरगा माणसाचा, आणि गावावर चालून आलेला राक्षसी कोल्हा त्याच्या पोटात कोंडलेला. गावातल्या मोठ्या माणसांना हे माहीत, त्याला नाही. आया आपापल्या मुलांना त्याच्यापासून ओढून नेतात आणि तो शाळेबाहेरच्या झोपाळ्यावर एकटा बसतो. कोल्हा तोच, ताकद तीच. बदललं काय, तर ती ताकदच त्याच्या एकटेपणाचं कारण झाली. पुढचे 72 खंड त्या झोपाळ्यावर उभे आहेत.

आता पहिलं प्रकरण पुन्हा काढ आणि कारागिरासारखं बघ. परीक्षेत आपल्यासारखी दुसरी प्रतिमा उभी करायची असते. त्याला नेमकं तेच जमत नाही, म्हणून तो नापास. रात्री गुप्त विद्यांची गुंडाळी चोरून तो शिकतो काय? स्वतःच्या हजारो सावल्या उभ्या करायला. ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही, त्या पोराची हुकमी विद्या म्हणजे स्वतःचीच गर्दी! हे किशिमोतोने ठरवून केलं की हाताने आपोआप झालं, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. विद्या उणिवेच्या मापाने बेतलेली आहे, एवढं बघ. आणि ती बाहेर पडते कधी, तर त्याचे शिक्षक इरुका सर त्याच्यावर येणारं शस्त्र स्वतःच्या पाठीवर झेलतात त्यानंतर. कुणीतरी त्याला आपलं म्हटल्यावर. त्याआधी नाही.

त्याच गोष्टीतला रॉक ली घे. त्याला निन्जाची एकही जादू येत नाही, नुसते हातपाय. वाळू हेच शस्त्र असलेल्या गाराशी झुंजताना तो पायाला बांधलेली वजनं सोडून खाली टाकतो, जमीन फुटते, धुळीचे लोट उठतात आणि वर गॅलरीतले सगळे आ वासून बघतात. ती वजनं म्हणजे त्याच्या उणिवेचा हिशोब आहे. आणि समोरचा गारा? त्याला कुणी प्रेमाने हात लावला नाही, म्हणून त्याची वाळूच कुणाला त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. दोन उणिवा भिडतात, म्हणून ती मारामारी लक्षात राहते. लीचा हात आणि पाय चुरडतो, तो हरतो, आणि बेशुद्धीतही उठून उभा राहतो. तुझ्या तक्त्यात याला रकाना आहे का?

तू म्हणशील, शेवटी नारुतो चौथ्या होकागेचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचाच मुलगा निघतो, पूर्वजन्मही थोर निघतो, मग कसली मेहनत न् कसलं काय. बरोबर. मलाही ते खटकतं. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. शेवटच्या महायुद्धात चंद्र, डोळे, देवता यांचा नुसता बाजार भरतो आणि अखेरीस कागुया येते, सगळ्यांत बलाढ्य. तिच्यासाठी कोण रडलं? ताकद आधी आली, उणीव मागून चिकटवली, मग माणूस कोरडाच राहतो. उलट पहिल्या ॲनिमे (कार्टून) मालिकेच्या 220 भागांतले शेवटचे ऐंशीहून जास्त फिलर, म्हणजे मूळ गोष्टीत नसलेले भरतीचे भाग होते, तरी पोरं चिकटून राहिली. कारण त्याचा जिवलग सोबती सासुके गाव सोडून गेलेला होता आणि नारुतोला तो परत हवा होता. हवं असणं शिल्लक असलं की वाचक बरंच सोसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तुझ्या वयाचा असताना एका दिवाळी अंकासाठी मी चित्रपट्टी काढली होती. तोतरा मुलगा. हजेरीला त्याच्या तोंडून ‘हजर’ वेळेवर निघत नाही, म्हणून बाई रोज गैरहजर लावतात. संपादक म्हणाले, मुलांना जिंकणारा लागतो, याला काहीतरी शक्ती द्या. मी म्हटलं, देतो, पण चौथ्या पानावर, आणि ती या तोतरेपणातूनच निघेल. त्यांना पहिल्यावर हवी होती. मी पट्टी परत आणली. मग तशी कामं आली नाहीत आणि मी पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं मेमरी ड्रॉइंग शिकवत राहिलो. घरी अजून म्हणतात, तेवढं ऐकलं असतं तर कुठे असता. असेन मी हट्टी. पण मी बरोबर होतो, आणि जगभरच्या पोरांनी त्या झोपाळ्यावरच्या मुलाला डोक्यावर घेऊन माझ्या बाजूने कौल दिलाय. सल एकच आहे, त्या तोतऱ्याला चौथं पान मिळालं नाही.

असो. तुझ्याकडे वळतो.

मुद्रा, कपाळपट्ट्या, कुळं यांचा नाद सोड म्हणत नाही. मलाही ते आवडतं. पण ते नंतर. तुझ्या नायकाला शाळेच्या पटांगणात उभा कर आणि ठरव, त्याला कुणाची नजर हवी आहे आणि ती का मिळत नाही. जपानी गाव नको, तुझंच घे, एसटी स्टँडसकट. किशिमोतोनेही नारुतोच्या आवडीचं ते रामेनचं, म्हणजे शेवयांच्या सूपचं दुकान आपल्या विद्यार्थिदशेतल्या, कॉलेजजवळच्या दुकानावरूनच उचललं.

गणपतीच्या आधी पहिली आठ पानं पाठव. त्यात एकही विद्या दिसता कामा नये. नकाशे पाठवलेस तर मी ते उघडणार नाही.

तुझा,
सर