लेकीला प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय, काय करू?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. लेक बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, परिविक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर व्हायचंच म्हणतेय आणि तुम्हाला धास्ती की रोज गुन्हेगारांशी गाठ, पोरीला झेपेल का. तुमची काळजी रास्त आहे, पण आधी काम काय असतं ते बघू.

१९५८ च्या परिविक्षा कायद्याने कोर्ट काही गुन्ह्यांत दोषी माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडू शकतं, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. दोषी २१ वर्षांखालचा असला तर आत पाठवायचं की नाही हे ठरवताना कोर्ट या अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवतं, आणि १८ च्या आतलं मूल असेल तर बाल न्याय मंडळासाठी (अशा मुलांची प्रकरणं तेच बघतं) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट, १५ दिवसांत द्यायचा असतो.

त्यामुळे सगळा भार या रिपोर्टवर. मुलाच्या घरी जायचं, आईशी बोलायचं, शाळेत विचारायचं, शेजारी काय म्हणतात तेही ऐकायचं आणि मग लिहायचं. 'मुलगा उनाड आहे' असं लिहून मोकळं होणं सोपं असतं हो, पण वडील वारल्यावर आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून गॅरेजमध्ये कामाला जातो, रात्री घरी कोणी मोठं माणूस नसतं, हे विचारून खात्री करून लिहिलं तर मंडळाला निर्णय घेता येतो. मी तर म्हणेन या नोकरीत धाडसापेक्षा चिकाटी आणि स्वच्छ लिखाण जास्त लागतं.

पुढे बाँडवर सुटलेल्यावर देखरेख असते, म्हणजे भेटी घेत राहायच्या, काम मिळवून द्यायला धडपडायचं, कोर्टाने भरपाई भरायला सांगितली असेल तर त्यात मदत करायची. आणि अटी मोडल्या तर ते कोर्टाला कळवायचं, ज्याच्यासाठी एवढं धावलो त्याच्याच विरोधात लिहायचं, हे मात्र जड जातं, आणि लेकीशी बोलायचंच असेल तर गुन्हेगारांच्या भीतीपेक्षा यावर बोला.

महाराष्ट्रात ही पदं महिला व बाल विकास विभागात असतात, भरती रोज निघत नाही, म्हणून त्या एकाच जाहिरातीच्या भरवशावर बसू नका. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पुढची पदवी, करू दे, त्यावर बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्येही नोकरी मिळू शकते. पात्रता आणि वयाची अट दरवेळी जाहिरातीतच वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि हो, कॉलेजच्या फील्डवर्कला निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात ते) मिळतंय का ते तिला आत्ताच विचारू दे. तिथे काही महिने काढले की हे काम आपलं आहे की नाही ते तिचं तिलाच कळेल, तोवर तुम्ही नको म्हणू नका.