नव्वद दिवसांतले सहा दिवस

प्रिय ताई,
मी बासष्ट वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. यजमान जाऊन चार वर्षे झाली. मुलगा, सून आणि साडेचार वर्षांची नात जर्मनीत श्टुटगार्टला असतात. नव्वद दिवसांच्या व्हिसावर मी त्यांच्याकडे आले आहे. येऊन आठवडा होतो न होतो तोच मुलाने सांगितले, की लग्नाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त ते दोघे सहा दिवस ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणार आहेत आणि तेवढे दिवस नात माझ्यापाशी राहील. मी म्हटले, आपण सगळेच जाऊ. तर म्हणे ते मोठे रिसॉर्ट ‘ॲडल्ट्स ओन्ली’ आहे, तिथे मुलांना घेतच नाहीत. बुकिंग फेब्रुवारीतच झाले होते, मला आत्ता कळले. ते शब्द ऐकूनच मला कसेसे झाले. जिथे स्वतःच्या लेकराला मज्जाव, तिथे आईबापांनी कसे जावे? खर्च विचारला आणि गप्प बसले. सून शाकाहारी, ती तिथे खाणार काय? मी बोलले काहीच नाही, पण जेवणही जात नाही. काय करू?
— स. (पुणे, सध्या श्टुटगार्ट)
ता. क. मागच्या आठवड्यात नातीला मध्यरात्री एकदम ताप चढला होता. मला जर्मन येत नाही.

सप्रेम नमस्कार.

त्या दोन शब्दांपासून सुरुवात करते, कारण तुमची निम्मी झोप त्यांनीच उडवलेली दिसते. आपल्या पिढीने ‘फक्त प्रौढांसाठी’ ही अक्षरे वाचली ती सिनेमाच्या पोस्टरवर, आणि वाचल्या वाचल्या मान दुसरीकडे वळवली. युरोपातल्या हॉटेलांच्या धंद्यात मात्र या शब्दांचा अर्थ अगदी कोरडा आहे: ठरावीक वयाखालच्या पाहुण्यांना खोली मिळत नाही, आणि ती मर्यादा कुठे सोळा वर्षांची असते, कुठे अठराची. विवस्त्र वावरण्याची ठिकाणे निराळी असतात आणि ती तसे स्पष्ट जाहीर करतात. ग्रीसच्या किनाऱ्यावर एखादी बाई वरचे वस्त्र काढून ऊन खात पडलेली दिसते हे खरे, पण ती मुलाबाळांनी गजबजलेल्या सार्वजनिक किनाऱ्यावरही तशीच दिसते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात मी आणि माझे यजमान क्रीटच्या ईशान्य भागात, एलौंदा गावाजवळच्या अशाच एका रिसॉर्टमध्ये पाच रात्री राहिलो होतो, तेही मुलीने आम्हाला न विचारता बुकिंग करून टाकले म्हणून. पहिल्या सकाळी पोहण्याच्या पोशाखावर सुती ओढणी घट्ट गुंडाळून, पोट आत ओढून मी तलावाशी गेले, तेव्हा आपल्याकडे पन्नास डोळे वळणार अशी माझी खात्री होती. एकही वळला नाही. शेजारच्या आरामखुर्च्यांवर सत्तरीतले एक डच जोडपे होते. आजोबा शब्दकोडे सोडवत होते, आजी ठळक अक्षरांचे जाडजूड पुस्तक वाचत होत्या, आणि पान उलटल्याचा आवाज ऐकू यावा इतकी तिथे शांतता होती. दुपारी बारानंतर दोघेही घोरू लागले. ज्या बेबंदपणाची मी धास्ती घेऊन गेले होते, त्याचा मी पाहिलेला कळस एवढाच.

मुलांना तिथे न घेण्यामागे शांततेखेरीज आणखीही एक कारण असू शकते, ते मला दुसऱ्या दिवशी दिसले. एलौंदाच्या बाजूला वाळू थोडी आणि खडक फार. आमच्या हॉटेलला उतरता किनारा असा नव्हताच. लाकडी फळ्यांचा एक धक्का पाण्यात काढला होता आणि त्याच्या टोकाच्या शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरावे लागे. पाणी इतके नितळ, की शिडीच्या शेवटच्या पायरीखाली खडकाला चिकटलेले सी-अर्चिनचे काळे काटेरी गोळे वरूनच मोजता येत. तलावालाही कठडा नव्हता. अशा जागी साडेचार वर्षांचे मूल न्यायचे म्हणजे आईने सहाही दिवस त्याचा दंड धरून बसायचे. तुमची नात तिथे रमली नसती, आणि तुमचा मुलगा व सून दमून परत आली असती. क्रीट मोठे आहे, पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर पसरलेले, त्यामुळे तुमच्या मुलाचे रिसॉर्ट वाळूच्या पट्ट्यावर असेलही, पण एकंदर बेत असाच असतो: शांतता, पाणी, उशिरापर्यंत चालणारी न्याहारी आणि घड्याळाकडे न पाहण्याची मुभा.

आणि हा मज्जाव बेटाचा नाही, हॉटेलच्या आवारापुरता आहे. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा असतो. त्यामुळे आमच्या त्या शांत धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर गावातली पोरे रबरी चाकांवर बसून आरडाओरडा करत होती आणि त्यांना हटकण्याचा हॉटेलला अधिकार नव्हता. संध्याकाळी आम्ही जवळच्या प्लाका गावी जेवायला गेलो. समोर स्पिनालोंगा हे छोटे बेट दिसते, जिथे 1903 पासून 1957 पर्यंत कुष्ठरोग्यांना त्यांच्या माणसांपासून तोडून ठेवत असत. त्या खाडीत ‘मज्जाव’ या शब्दाला खरे वजन आहे ते तिथे, आमच्या तलावाशी नव्हे. रात्रीचे दहा वाजले होते आणि खानावळीत ग्रीक कुटुंबे तीन-तीन पिढ्यांनिशी बसली होती. एक लहानगी दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजीची शाल पांघरून झोपली होती, आणि वाढपी ताटे घेऊन जाताना वाकून तिची चप्पल पायात नीट सरकवून गेला. मुलांशिवाय सुट्टी ही तिथल्या लोकांची रीत नव्हे. ती प्रामुख्याने बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडलेली सोय आहे. खरे सांगायचे तर तिसऱ्या दिवशी मलाच ती शांतता अंगावर यायला लागली होती आणि प्लाकातला तो गोंगाट बरा वाटला. मुलांना आवाज करणारी अडचण समजून दाराबाहेर ठेवणे मलाही पूर्णपणे रुचत नाही. पण दहा वर्षांत एकदा सहा दिवस, एवढ्यासाठी मी त्यावर वाद घालणार नाही.

जेवणाची काळजी सोडून द्या, आणि कृपा करून डब्यात थालीपिठे बांधून देऊ नका. ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्यांना तिकडे ‘लादेरा’ म्हणतात. भेंडी, वांगी, फरसबी, सगळे त्यात येते. जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि चीज घातलेला ‘दाकोस’ तर सुनेला घरी आल्यावरही करावासा वाटेल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास पुष्कळ असल्याने ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचे, असे विचारले की मांस, अंडी, दूध टळते. फक्त एक पथ्य सांगा: आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो तसा त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस चालतो, तेव्हा पदार्थात काय काय आहे ते विचारूनच मागवावे. पैशांविषयी काही बोलू नका, ते त्यांचे आहेत. फार तर एवढे विचारा, की पंचतारांकित हॉटेलात एप्रिल ते ऑक्टोबर या काळात खोलीमागे दर रात्री 15 युरो जो हवामान-निधी नावाचा सरकारी कर 2025 पासून द्यावा लागतो, तो हिशेबात धरला आहे ना. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा नसतो, हॉटेलात पोहोचल्यावर वेगळा भरावा लागतो. आम्हाला तो तसाच कळला, आणि यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता तुमचे पत्र मी पुन्हा वाचले, आणि या वेळी ताज्या कलमापासून वर वाचत गेले. मध्यरात्रीचा ताप आणि न येणारी भाषा ही दोन वाक्ये तुम्ही सहीच्या खाली टाकली आहेत, जणू ती जाता जाता आठवली. ताई, माझ्या मते तुमचा घास अडला आहे तो याच दोन वाक्यांपाशी. परक्या शहरात, कोणाचा आधार नसताना, लहान मुलाची सहा दिवसांची जबाबदारी एकटीवर येणार याची तुम्हाला भीती वाटते आहे. ती वाटणे अगदी योग्य आहे. ज्या आजीला ती वाटणार नाही तिच्यापाशी मी माझी नात ठेवणार नाही. अडचण एवढीच, की भीती वाटते हे म्हणायला आपल्याला लाज वाटते, आणि मग आपण ‘आईबापांनी कसे जावे’ असा मोठा, कोणाला उत्तर देता येऊ नये असा प्रश्न पुढे करतो. त्या प्रश्नाने सून दुखावेल, मुलगा चिडेल आणि तापाचा विषय तसाच राहील. नव्वद दिवसांतले सहा दिवस आपल्या वाट्यातून गेले, आणि ती दोघे जोडीने निघालेली पाहताना घरात आपण एकट्या आहोत हे जास्त जाणवेल, हेही त्यात असेल. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते.

मुलाची चूक आहेच, आणि ती त्याला सांगायला हवी. बुकिंग फेब्रुवारीत झाले होते, तर तुमचे तिकीट काढण्यापूर्वी त्याने तुम्हाला विचारायला हवे होते. आजी घरात आहे म्हणजे ती गृहीत आहे असे होत नाही. पण हे सांगताना रिसॉर्टवर टीका करू नका, नाहीतर मूळ मुद्दा तिथेच हरवेल. आज रात्री नात झोपली की चहा करा आणि म्हणा, “तुम्ही जा, मला आनंदच आहे. पण मला आधी विचारले नाहीस याचे वाईट वाटले, आणि मला एकटीला इथे भीती वाटते. तेव्हा जाण्यापूर्वी मला तयार करून जा.” यापलीकडे स्पष्टीकरण देत बसू नका.

तयारी म्हणजे काय ते तुम्हीच त्याला सांगा. रुग्णवाहिकेसाठी 112 आणि रात्री-अपरात्री जीवावर बेतलेले नसेल अशा दुखण्यासाठी 116117 हे क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लागले पाहिजेत, आणि त्याखाली घराचा पत्ता देवनागरीत, उच्चाराप्रमाणे, म्हणजे घाबरलेल्या अवस्थेतही तो वाचून दाखवता येईल. नातीचे आरोग्य विम्याचे कार्ड, तिच्या डॉक्टरांचा पत्ता, तापाच्या औषधाचे वजनाप्रमाणे ठरवून दिलेले प्रमाण आणि उपचारांना संमती देणारी आईबापांच्या सहीची चिठ्ठी एका पाकिटात ठेवायला सांगा. जर्मन बोलू शकेल असे एखादे मराठी घर हाताशी असू द्या. पुण्याहून तिथल्या मोटारींच्या कारखान्यांत नोकरीला गेलेली कुटुंबे श्टुटगार्टमध्ये कमी नाहीत, आणि मुलाच्या ओळखीत एक तरी निघेलच. मध्ये रविवार येत असेल तर शनिवारीच दूध, पाव, भाजी भरून ठेवा, कारण रविवारी तिथे दुकाने बंद असतात. क्रीटचे घड्याळ तुमच्या घड्याळाच्या एक तास पुढे असते, म्हणून रोजच्या फोनची वेळ नातीच्या झोपेच्या आधीची ठरवा, त्यांच्या जेवणाच्या वेळेवर सोडू नका. आणि निघण्यापूर्वीच्या शनिवारी त्या दोघांना एका रात्रीसाठी घराबाहेर पाठवा. त्या रात्री तुमच्या दोघींच्या लक्षात येईल की काय काय सांगायचे राहिले आहे.

बालवाडीचे, म्हणजे तिकडच्या किटाचे, काम मात्र उद्याच करून घ्या. आईबापांनी लेखी कळवल्याशिवाय ते मूल दुसऱ्या कोणाच्या, अगदी सख्ख्या आजीच्याही, स्वाधीन करत नाहीत आणि पहिल्या दिवशी ओळखपत्र मागतात. त्या कागदावर तुमचे नाव पासपोर्टावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, लिहिले आहे ना ते स्वतः पाहा. आमच्या वेळी मुलीने घाईत माझे माहेरचे नाव लिहिले होते, आणि मी पाऊण तास किटाच्या दारात छत्री घेऊन उभी होते.