पाचारण एकाला, घर दोघांचं

"प्रभू सेवेसाठी बोलावतोय असं आतून वाटतं, पण नोकरी सोडवत नाही. मी देवापेक्षा सुखाला जास्त धरून बसलोय का?" ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मे महिन्यातल्या संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या प्रार्थनासभा, झाल्या की हमखास. एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवरा चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात, वय चाळिशीच्या आसपास. बाई एका शाळेत मराठी शिकवायच्या. मुलगी आठवीत, घरी सासूबाई, पिंपरीत कर्जावर घेतलेला फ्लॅट. सभेत पाळकांनी "पूर्णवेळ सेवेसाठी कोण पुढे येतो?" असं विचारलं, तेव्हा हे उठून उभे राहिले. त्यांचं बालपण नगरकडच्या एका मिशन बोर्डिंगात गेलं होतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या ओळखीतली काही विश्वासी माणसं एक लहान वसतिगृह चालवत होती आणि तिथे व्यवस्थापक हवा होता. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलांना ठेवायला कुणी नसलं की मुलंही फडावर जातात आणि त्यांचं शाळेचं वर्ष तिथेच बुडतं. त्या मुलांचा भार त्यांच्या मनावर खरोखर होता. त्या मुलांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता, फक्त पाठवायचा बाकी. "ताई, उशीर केला तर देवाची हाक टाळून पळालेल्या योना संदेष्ट्यासारखं माझं होईल," ते म्हणाले. बाई शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, "देव ह्यांच्याशी बोलला. मग माझ्याशी का नाही बोलला? आम्ही एकाच घरात राहतो ना?"

मला वाटतं, त्या खोलीतला सगळ्यात विश्वासाचा प्रश्न तो होता. त्यांनी 'मला नाही यायचं' असं कुठे म्हटलं होतं? देवाच्या बोलण्यात आपली जागा कुठे आहे, एवढंच त्या विचारत होत्या. नवऱ्याला मात्र त्यात विरोध ऐकू आला. ते पटकन म्हणाले, "रेव्हरंड टिळकांनी सोडलंच ना सगळं?" त्यावर बाई म्हणाल्या, "मग लक्ष्मीबाईंनी काय लिहून ठेवलंय, तेही वाचा."

दोघांचंही खरं होतं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना मागे ठेवून. त्यानंतरची ताटातूट काही वर्षं चालली. लक्ष्मीबाई पुढे 1900 साली स्वतःच्या विश्वासाने ख्रिस्ती झाल्या, पण मधल्या वर्षांत त्यांनी जे सोसलं ते त्यांनी निवडलेलं नव्हतं. मी टिळकांना दोष देत नाही. त्या काळात धर्मांतर केलेल्या माणसाला घराचं दारच बंद व्हायचं. पण आज चाकणहून बीडला जायला निघालेल्या ख्रिस्ती नवऱ्यापुढे तसलं बंद दार नाही. त्याला बायकोशी बोलायला वेळ आहे.

पुढच्या भेटींत आम्ही दोन गोष्टींवर बराच वेळ घालवला. पहिली म्हणजे घाई. मी त्यांना विचारलं, "उद्या तुमचा साहेब बदलला, रात्रपाळी बंद झाली, तरी जाल?" उत्तर त्यांनी लगेच दिलं नाही, हे मला आवडलं. पुढच्या वेळी येऊन म्हणाले, "तरी जाईन. पण आजच राजीनामा द्यावा असं वाटणार नाही." म्हणजे पाचारण खरं होतं, घाई कारखान्यातली होती. त्या वर्षभरात विभागात फार ताण होता आणि सुटकेची ओढही प्रार्थनेत मिसळली होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त दोन्ही वेगळं करून पाहिलं पाहिजे, कारण थकव्याने घेतलेला निर्णय थकवा उतरला की पश्चात्तापाचा होतो.

दुसरी गोष्ट, नेमकं काय सोडायचं. याकोब आणि योहान आपल्या बापाला तारवात सोडून येशूमागे गेले, हे आपण सगळे सांगतो. पण मार्कने आपल्या शुभवर्तमानात तिथेच लिहिलंय की त्या बापाबरोबर, जब्दीबरोबर, मजूर होते. म्हातारा एकटा पडला नव्हता. त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलं असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशू किती कडक बोलतो! आपली झोप, आपला पगार, आपली गाडी, आपला मान हे आपल्याला सोडता येतं. आईचं इन्सुलिन आणि मुलीची दहावी हे त्यागाच्या यादीत घालायचा हक्क आपल्याला नाही. मी दोघांना एका वहीत लिहायला लावलं की यातलं माझं काय आणि दुसऱ्याचं काय. त्यांनी 'फ्लॅट' आपल्या बाजूला लिहिला. बाईंनी वही ओढून घेतली आणि त्यापुढे लिहिलं, "अर्धा हप्ता मी भरते." त्या दिवशी पहिल्यांदा ते गप्प झाले आणि त्यांनी तिचं ऐकलं.

मी पाळकांनाही बोलावून घेतलं. बायबलमध्ये अंत्युखिया शहरातल्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना सेवेसाठी पाठवलं होतं. एकट्याच्या मनात आलेली हाक मंडळीसमोर मांडायची ही आपली जुनी रीत आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. मंडळीच्या वडीलजनांनी सुचवलं की आधी दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी तिथे जाऊन राहावं.

मुलगीही बरोबर गेली. पाण्याचा टँकर, पत्र्याखालची रात्र, सकाळी भाकरीसाठी मुलांची रांग. परत आल्यावर बाईंनी तिथल्या एका मुलीबद्दल सांगितलं. सहावीत असून तिला स्वतःच्या गावाचं नाव लिहिता येत नव्हतं, कारण दरवर्षी अर्धं वर्ष ती फडावर धाकट्या भावाला सांभाळायची. "हिला मी शिकवू शकते," बाई म्हणाल्या. एवढंच. देव माझ्याशी बोलला वगैरे त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही ते त्यांच्या तोंडून काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याचं उदाहरण मी अशा वेळी आवर्जून देते. अमेरिकेतलं शिक्षण संपवून 1970 साली ते दुष्काळी भागात आले आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या कामाची उंची पुष्कळांना माहीत आहे. मला मात्र त्यातली एकच गोष्ट सांगायची असते, की तिथे दोघं मिळून गेले.

या जोडप्याला सगळ्यात कठीण गेल्या त्या सासूबाई. त्या मुलाला म्हणाल्या, "तुला बोर्डिंगातून बाहेर काढायला तुझा बाप राबला, आणि तू परत तिकडेच चाललास?" याला उत्तर नाही. गरिबीतून वर आलेल्या पिढीला मुलाने उलटं खाली उतरलेलं पाहवत नाही. त्याला अविश्वास म्हणू नये, असं मी त्यांना बजावलं. वचनं ऐकवून आईला गप्प करण्यापेक्षा तिचं दुःख ऐकून घ्यायला सांगितलं.

मुलीची दहावी होईपर्यंत ते थांबले. तोवर ऊसतोडीच्या हंगामात ते महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार वसतिगृहावर जायचे आणि कर्जाची थोडी जास्तीची फेड करायचे. आता दोघं बीडला आहेत. फ्लॅट भाड्याने दिलाय. भाड्यात हप्ता पूर्ण भागत नाही, उरलेली रक्कम बाई तिथल्या शाळेच्या तुटपुंज्या पगारातून भरतात. मुलगी पुण्यात मावशीकडे राहून अकरावी करते. सासूबाई धाकट्या मुलाकडे राहिल्या. औषधांचा खर्च हेच पाठवतात आणि दर महिन्याला डॉक्टरकडे न्यायला स्वतः येतात. त्यांची नाराजी अजून गेलेली नाही.