आईस्क्रीमच्या काड्यांचा कॅटापल्ट करून मुलं खरंच इंजिनिअरिंग शिकतात का? 8 वर्षांच्या मुलासाठी कोणता किट घ्यावा?

किट घेऊच नका. स्टेशनरीच्या दुकानात काड्यांचं पाकीट मिळतं, रबरबँड आणि बाटलीचं झाकण घरात असतंच. दोन काड्या एका टोकाला बांधायच्या, त्यांच्या मध्ये काड्यांचा गठ्ठा अडकवायचा, वरच्या काडीच्या, म्हणजे दांडीच्या, मोकळ्या टोकाला झाकण लावायचं. ते दाबून सोडलं की झाकणातली वस्तू उडते, झाला कॅटापल्ट. काही किटमधल्या काड्यांना तर भोकंसुद्धा आधीच पाडलेली असतात. मग पोरानं करायचं काय?

शिकण्याचं म्हणाल तर ते आमच्याकडे दिवाळीत घडलं. मी डिप्लोमावाला, आमचे दाजी बीई. (हा फरक मी काढत नाही, तेच काढतात.) अंगणात पोरांचा किल्ला झाला होता, मावळे बसले होते, तेवढ्यात त्याच्यावर मारा करायची टूम निघाली. दाजींनी ग्लू गन काढली आणि 20 मिनिटांत देखणं यंत्र उभं केलं. भाच्याचं काम काय, तर काड्या हातात देणं.

माझ्या लेकीचं प्रकरण वाकडंतिकडं. पहिला छोला सरळ वर गेला आणि तिच्याच डोक्यावर पडला. सगळे हसले. दाजी म्हणाले, "अगं, कोन 45 अंशांचा हवा," आणि हात पुढे केला. मी म्हटलं, "दाजी, राहू द्या." ते त्यांना लागलं.

तिचा मधला गठ्ठा 3 काड्यांचा होता. तिनं 5 केल्या, मग 7. छोला पुढे जायला लागला. मग तिनं गठ्ठा दोन काड्या बांधलेल्या टोकाकडे सरकवला, तर आणखी लांब! 9 काड्यांना दांडी मोडली. छोला दांडीशी काटकोनात सुटतो, म्हणून दांडी जितकी कललेली तितका तो आडवा जातो, हे तिनं वहीत चित्र काढून मलाच समजावलं. तिकडे भाचा विचारत होता, "बाबा, आपलं लांब कसं टाकायचं?" सगळं चिकटवलेलं. दाजी म्हणाले, "नवीन करू."

आणि सगळ्यात लांब टाकायला 45 अंशांचा कोन, हे हवेचा अडथळा धरला नाही आणि गोळा सुटला त्याच उंचीवर पडणार असेल तरच खरं. बुरुजावर मारायचं तर जास्त लागतो, कागदाच्या बोळ्याला कमी. आमचे आजोबा शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उडवायचे, त्यांनी कोनमापक पाहिलाही नसेल.

तेव्हा मुलाला काड्या द्या आणि तुम्ही लांब बसा. ग्लू अजिबात नको, फक्त रबरबँड. दर वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि अंतर शिंप्याच्या टेपनं मोजून लिहायला लावा. तेवढंच शिकवणं.

हो, गोटी किंवा खडा नको, डोळ्याला लागतं. घरात तान्हं भावंड असेल तर छोलाही नको, घशात अडकू शकतो; कागदाचा बोळा बरा. आणि दाजी माणूस वाईट नाहीत, लेकीला अपूर्णांक त्यांनीच शिकवले. वाचत असतील तर, दाजी, ग्लू गन आमच्याकडेच राहिलीय.