डेंग्यूत प्लेटलेट ३५ हजारांवर, रिपोर्टवर ‘ॲटिपिकल सेल्स’; बाबांना ब्लड कॅन्सर तर नाही ना?

बहुधा नाही, डेंग्यूत असा रिपोर्ट बऱ्याचदा येतो. मी नागपुरातल्या एका लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघतो, पावसाळा सरता सरता हे चित्र रोजचंच. विषाणूमुळे अस्थिमज्जा काही दिवस मंदावते, म्हणून प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरतात. त्याच वेळी विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी फुगून वेड्यावाकड्या दिसतात. मशीनला त्या नीट ओळखता येत नाहीत, ती नुसता ‘ॲटिपिकल सेल्स’ असा इशारा छापते. तेव्हा स्लाइड पॅथॉलॉजिस्टने स्वतः बघितली का, हे आधी विचारा. आत्ता खरी काळजी पोटदुखी, सततच्या उलट्या आणि रक्तस्रावाची. यातलं काही असेल तर लगेच भरती करा. प्लेटलेट साधारण सहाव्या-सातव्या दिवसानंतर चढू लागतात. मात्र ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी आकडे वर आले नाहीत, हिमोग्लोबिनही पडत राहिलं, मानेत-काखेत गाठी लागल्या किंवा स्लाइडच्या रिपोर्टवर ‘ब्लास्ट’, म्हणजे कच्च्या रक्तपेशी, असं लिहून आलं (मग तर एक दिवसही थांबू नका), तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. नागपुरात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) किंवा जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला चौकशी करा. जुने सगळे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.