वाचकांचे प्रश्न : ‘इंटरस्टेलर’ पहिल्यांदा पाहिल्यावर

(2014 सालचा हा सिनेमा अलीकडेच पहिल्यांदा पाहिलेल्या वाचकांचे निवडक प्रश्न. उत्तरांत कथानक फुटतं, त्यामुळे सिनेमा पाहायचा असेल तर आधी तो पाहून या.)

यान चाकासारखं फिरायला लागतं आणि आतली माणसं चालू लागतात. हे खरंच जमतं का? – एक वाचक, कोथरूड

जमतं, आणि हिशोब घरच्या घरी करता येतो. चाकाची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाने तिला गुणा. उत्तर 900 च्या आसपास आलं की कडेला उभ्या माणसाला पृथ्वीवरच्याइतकंच वजन जाणवतं. त्रिज्या 30 मीटर असेल तर साधारण साडेपाच फेऱ्या लागतात, 225 मीटर असेल तर दोनच.

मग छोटं, स्वस्तातलं चाक का नको? 9 मीटरच्या चाकाला मिनिटाला 10 गरके मारावे लागतात. डोकं मध्याच्या जवळ येतं, म्हणून डोक्याशी ओढ पायांपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी पडते. त्यात मान वळवली की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते आणि पोटात ढवळतं.

आता हेच गणित स्फोटानंतर गरगरणाऱ्या मोठ्या यानाला छोटं यान जोडतात त्या प्रसंगाला लावा. तिथे मोठं यान मिनिटाला 67-68 फेऱ्या घेत असतं. त्रिज्या 30 मीटर धरली तर कडेला वजनाच्या दीडशेपट ओढ येते. सांधे निखळायला हवेत. जोडणी मध्यावर होते म्हणून तिथे ताण कमी, हे खरं. तरी मध्यापासून 3 मीटरवर बसलेल्याला 15 पट झेलावी लागेल. तरबेज लढाऊ वैमानिक खास पोशाख घालून 9 पट सोसतो, तीही थोडाच वेळ. प्रसंग झकास आहे, हिशोबात मात्र बसत नाही.

पाण्याच्या ग्रहावरचा 1 तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं! काही पचलं नाही. – एक वाचक, सदाशिव पेठ

घड्याळं वेगवेगळी चालतात यात वाद नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढ्यात प्रकाश 11 किलोमीटर जातो, म्हणून दुरुस्ती आधीच करून ठेवतात.

प्रश्न प्रमाणाचा आहे. 7 वर्षं म्हणजे सुमारे 61 हजार तास. हा ग्रह कृष्णविवराच्या अगदी जवळून फिरतो, आणि त्याच्या प्रचंड ओढीमुळे तिथे घड्याळ हळू चालतं. पण ते कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसेल, तर त्याच्या सगळ्यात आतल्या स्थिर कक्षेतही आपला 1 तास होतो तेव्हा दूरच्या माणसाचा फक्त 1 तास 25 मिनिटं. एवढा फरक पाडायला ते कमाल मर्यादेला जेमतेम टेकेल इतक्या वेगाने फिरायला हवं. सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांनी गणित मांडून ते शक्य ठरवलं. नियमांत बसतं, पण असं कृष्णविवर प्रत्यक्षात असणं फार अवघड वाटतं. (थॉर्न यांना 2017 चं नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरींसाठी. त्याच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात होते आहे आणि त्या कामात आपली आयुका, म्हणजे पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, आहे.)

ग्रहावर न उतरता वर यानातच थांबलेल्या सहकाऱ्याची 23 वर्षं 4 महिने 8 दिवस जातात, म्हणजे खालची मंडळी साधारण 3 तास 20 मिनिटं अडकली. हा 2 तास 49 मिनिटांचा सिनेमा त्या ग्रहावर बसून पाहिलात तर पृथ्वीवर जवळपास 20 वर्षं सरतील. मध्यंतराच्या 10 मिनिटांचे आणखी 14 महिने.

कृष्णविवराच्या वर आणि खालीही प्रकाशाची कडी दिसते. चकती तर एकच आहे ना? – एक वाचक, हडपसर

एकच. ही चकती म्हणजे कृष्णविवराभोवती फिरणारा तापलेला वायू. तिच्या मागच्या भागातून निघालेला प्रकाश वाकून वरून आणि खालून आपल्याकडे येतो. सवलत वेगळ्याच ठिकाणी घेतली आहे: फिरणाऱ्या चकतीची आपल्याकडे येणारी बाजू बरीच उजळ आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून तो फरक गाळला. एप्रिल 2019 मध्ये जाहीर झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या चित्रात एक बाजू ठळक आहे, ती पाहा.

यानाबाहेरच्या दृश्यांत आवाजच नाही. थिएटरचा बिघाड होता का? – एक वाचक, वारजे

नाही. निर्वातात आवाज पोचत नाही. पैसे परत मागू नका.

मुलांना असलं काही प्रत्यक्ष बघायला पुण्याजवळ कुठे नेता येईल? – एक वाचक, औंध

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या, सुमारास आयुका आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. तारीख आधी विचारून घ्या. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. काही तिथेच दाटीने, बाकीच्या लांबवर पसरलेल्या. तिथे मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातले संकेत इतके क्षीण असतात की खिशातला फोनही त्यांच्यावर मात करतो.